जड फोर-बाय-फोर गाडी भाड्याच्या फ्लॅटबेडवरून नेताना : बेळगाव, खानापूर, चिक्कोडी भागासाठी

जांबोटीच्या चिखलात गिअरबॉक्स बसलेली थार, ऑटोनगरात इंजिन उतरवायला न्यायची जुनी जीप, किंवा मोठे टायर लावल्यामुळे हमरस्त्याने शे-दीडशे किलोमीटर पळवणे जिवावर येते अशी गुरखा. अशी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून न्यायची वेळ आली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, भाडे किती? तो प्रश्न चौथा-पाचवा असायला हवा. पहिला प्रश्न तुमच्या गाडीचे आजचे वजन किती, आणि दुसरा, जी गाडी ते वाहणार आहे तिच्या आरसीवर किती वजनाची मुभा आहे. हे दोन आकडे जुळले तर बाकीचे बहुतेक काम सोपे होते. जुळले नाहीत तर चांगला ड्रायव्हर आणि मजबूत बेल्ट असूनही धोका तसाच राहतो.

आधी काटा

कंपनीच्या पुस्तकातले वजन हे नव्या, कोऱ्या गाडीचे असते. तीन दरवाजांची थार फोर-बाय-फोर साधारण पावणेदोन टनांची आणि जिप्सी टनाच्या आसपासची. फॉर्च्युनर फोर-बाय-फोर दोन टनांच्या वर जाते. त्यावर तुम्ही काय काय चढवले आहे ते मोजा. लोखंडी पुढचा बंपर ५० ते ६० किलो, मागचा ४०, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) दोरासकट ४० च्या घरात, दोन्ही बाजूंचे रॉक स्लायडर ४० ते ५०, छतावरचे कॅरिअर तेवढेच. मोठा टायर मूळ टायरपेक्षा दहा किलोने जड धरला तर स्टेपनीसह पाच टायरांचे ५० किलो झाले. जॅक, साखळ्या आणि हत्यारांची पेटी वेगळी. अडीचशे-तीनशे किलो सहज वाढतात, आणि खानापूरकडचा तांबडा चिखल चेसिसमध्ये भरलेला असेल तर आणखी.

म्हणून गाडी चालती असेल तर काट्यावर न्या. साखर कारखाने, मार्केट यार्ड आणि खडी क्रशरच्या रस्त्यांमुळे आपल्या भागात वजनकाट्यांची वाण नाही. पूर्ण गाडीचे एक वजन घ्या, मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून दुसरे. दुसऱ्या आकड्यावरून गाडीचा भार पुढे किती आणि मागे किती ते कळते, आणि बेडवर ती कुठे उभी करायची ते ठरवताना तोच आकडा लागतो. पावती जपून ठेवा. गाडी बंद पडलेली असेल तर पुस्तकातल्या वजनात ३५० किलो मिळवून चाला.

टेपही लावा. लांबी स्टेपनीसह मोजा, रुंदी टायरच्या बाहेरच्या कडेपासून, उंची कॅरिअरच्या वरपर्यंत. थार ३,९८५ मिमी लांब आहे, म्हणजे तेरा फुटांहून थोडी जास्त. साध्या ४०७ टेम्पोचा हौदा दहा फुटी असतो. तरी "बसते हो, फळका उघडा ठेवू" असे सांगणारे भेटतात. मागची चाके फळक्यावर टेकवून गाडी नेणे हा अपघाताचा सरळ रस्ता आहे, कारण फळक्याच्या बिजागऱ्या टनभर वजन उचलण्यासाठी केलेल्या नसतात. थार किंवा जिप्सीला किमान १४ फुटी, फॉर्च्युनरसारख्या ४.८ मीटर लांब गाडीला १७ फुटी किंवा त्याहून मोठा बेड मागा.

कोणते वाहन मागायचे

आपल्याकडे बाजारात मिळतात ते प्रकार मोजके आहेत. मागे सरकून झुकणारा हायड्रोलिक फ्लॅटबेड हा आपल्या कामासाठी सगळ्यांत योग्य. दुसरा साधा ट्रक किंवा टेम्पो, ज्यावर सुट्या पट्ट्यांवरून गाडी चढवावी लागते. तिसरी पुढची दोनच चाके उचलून ओढणारी टो-व्हॅन. चौथा लो-बेड ट्रेलर, जो पोकलेन, रोलर, जेसीबी यांच्यासाठी असतो. जेसीबीचा नेहमीचा बॅकहो साडेसात टनांच्या आसपास भरतो, त्यामुळे त्याला फ्लॅटबेड नव्हे, लो-बेडच लागतो.

टो-व्हॅनबद्दल थोडे सविस्तर, कारण फोर-बाय-फोरचे सर्वाधिक नुकसान तिथेच होते. पुढची चाके उचलली आणि मागची रस्त्यावर फिरत राहिली की मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या एक्सलकडे जाणारा लांब दांडा, फिरतो, त्याच्याबरोबर ट्रान्सफर केसचे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीचे भाग फिरतात. इंजिन बंद असल्यामुळे काही गिअरबॉक्सना आतले तेल पोचत नाही. गाडी चुकून ४एच मध्ये (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) राहिली असेल, किंवा कायमस्वरूपी चारही चाकांवर चालणारी असेल, तर उचललेली आणि फिरणारी चाके एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस गरम होऊन जाते. चारही चाकांची गाडी चारही चाके उचलूनच न्यायची. टो-व्हॅनशिवाय इलाज नसेल तर मागच्या चाकांखाली छोट्या डॉली (चाकांच्या बुटक्या गाड्या) घालायला सांगा, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट उतरवा. शाफ्ट उतरवताना एक गोष्ट विसरली जाते. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला.

"एखादा छोटा ट्रेलर भाड्याने घेऊन आपल्याच एसयूव्हीमागे लावतो" हा विचारही बऱ्याच जणांच्या मनात येतो. हिशेब करून पाहा. दोन टनांची जीप आणि सातशे किलोचा ट्रेलर मिळून २,७०० किलो. ट्रेलर डोलू नये यासाठी त्यातले १० ते १५ टक्के, म्हणजे २७० ते ४०५ किलो, हुकवर पडले पाहिजेत. पावणेदोन टनांच्या गाडीला तिच्यापेक्षा जड ओझे उतारावर मागून ढकलणार, तेही बहुधा स्वतंत्र ब्रेक नसलेले. शिवाय ट्रेलरलाही स्वतःची नोंदणी लागते. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

आणि उसाची ट्रॉली? ती शेतीच्या कामासाठी नोंदलेली असते, बहुतेकींना ब्रेक नसतात, आणि तिच्यावर जीपचे वजन चार ठिपक्यांवर पडते, उसासारखे पसरून नाही. गावातल्या गावात, दोन शेते ओलांडण्यापुरतेसुद्धा नको.

आरसीवरची वजाबाकी

वाहनमालकाकडून आरसीचा फोटो मागवा. न लाजता मागा, चांगला मालक लगेच पाठवतो. त्यावर दोन वजने असतात : भरलेल्या वाहनाचे कमाल वजन आणि रिकाम्या वाहनाचे वजन. पहिल्यातून दुसरे वजा करा. उदाहरणार्थ कमाल ७,४९० आणि रिकामे ४,९०० किलो असेल तर उरले २,५९०. ड्रायव्हर आणि क्लीनर यांचे १५० किलो काढले तर २,४४०. तुमची थार सामानासह २,०५० किलोची असेल तर ठीक. जड केलेली फॉर्च्युनर २,५०० वर गेली तर या वाहनात नेऊ नका.

हीच वजाबाकी फसवी ठरते ती अशी : त्या चेसिसची कंपनीने सांगितलेली भारक्षमता साध्या हौद्याची असते. त्यावर लोखंडी बेड, हायड्रोलिक सिलिंडर, पंप आणि विंच बसवले की टनभर क्षमता तिथेच खाल्ली जाते. म्हणून "चार टनांची गाडी आहे" या तोंडी वाक्यावर जाऊ नका. फ्लॅटबेड बसवल्यानंतरचे रिकामे वजन आरसीवर चढले आहे का ते पाहा. शंका आली तर रिकामे वाहनही काट्यावर घाला.

जास्त भार आढळला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीने बाहेर आला तरी २०,००० चा दंड वेगळा. उतरवायचा माल म्हणजे तुमची बंद पडलेली जीप, आणि जागा संकेश्वर बायपासची कड, हे डोळ्यांसमोर आणा.

सीमाभागाची खास अडचण : परमिट

बेळगावहून शिनोळी पंधरा-वीस किलोमीटर. तिथे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. कोगनोळी ओलांडली की कागल, पुन्हा महाराष्ट्र. कणकुंबीच्या पुढे चोर्ला, तिथून गोवा. आपल्याला हे सगळे एकच वाटते, पण मालवाहू वाहनाच्या परमिटला तसे वाटत नाही. केए २२ बेळगाव, केए २३ चिक्कोडी किंवा केए ४९ गोकाक नोंदणीच्या वाहनाकडे फक्त कर्नाटकाचे परमिट असेल तर ते हद्दीपलीकडे तुमचा माल नेऊ शकत नाही. एमएच ०९ च्या कोल्हापूरच्या वाहनाने बेळगावात येऊन गाडी उचलायची असेल तरी तेच. नॅशनल परमिट आहे का आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे, हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून पाहता येते. फिटनेस आणि विमाही तिथेच दिसतो.

बिघडलेली गाडी सुरक्षित जागी ओढून नेणाऱ्या वाहनाला कलम ६६ मध्ये परमिटची सूट आहे. ती सूट रस्त्यात बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. गॅरेजमधून उचललेली धडधाकट जीप गोव्याला फिरायला नेताना तिचा आधार घेऊ नका.

तुमच्या गाडीची कागदपत्रे : आरसी, विमा, पीयूसी यांच्या प्रती, मालकाच्या ओळखपत्राची प्रत, आणि मालक बरोबर नसेल तर सही केलेले अधिकारपत्र. अधिकारपत्रात गाडी कुठून कुठे, कशासाठी आणि कोणत्या वाहनावरून जाते ते लिहा. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत एका पानावर लिहिले तर हत्तरगी नाक्यावरही चालते आणि कागललाही. गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर ई-वे बिल लागते का ते तुमच्या हिशेबनीसाला आधी विचारा, कारण व्यावसायिक मालाला ५०,००० रुपयांच्या वर ते लागते.

विम्याबाबत एक चांगली गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत रस्त्याने किंवा रेल्वेने नेली जात असताना झालेले नुकसानही धरलेले असते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर ते मिळत नाही. पॉलिसीची पाने उघडून ते कलम शोधा, आणि निघण्यापूर्वी विमा संपलेला नाही ना ते पाहा. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या जीपचा विमा हमखास संपलेला असतो.

भाडे ठरवताना

दर हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून आकड्यापेक्षा आकडा कशाकशाचा बनला आहे ते विचारा. किमान भाड्यात किती किलोमीटर धरले? पुढचे किलोमीटर एका बाजूचे की येण्या-जाण्याचे? टोल कोणाचा? ड्रायव्हरचा भत्ता, थांबण्याचे तासाचे पैसे, बंद गाडी विंचने चढवण्याचे जादा पैसे, रात्रीचे वेगळे का? गाडी शेतात किंवा नाल्यात अडकली असेल तर ते आधीच सांगा. रस्त्यावरून उचलणे आणि चिखलातून काढणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्यासाठी हायड्रा क्रेन किंवा ट्रॅक्टर वेगळा बोलवावा लागतो. सगळे ठरले की व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि "मान्य" असे उत्तर घ्या.

गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, चिक्कोडी, हुक्केरी, गोकाक, अथणी पट्ट्यात वाहन दोन दिवस आधी सांगून ठेवा. आणि रात्रीचा प्रवास टाळा. मागे रिफ्लेक्टर नसलेल्या दुहेरी उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत.

चढवणे

बहुतेक नुकसान हमरस्त्यावर होत नाही, या वीस मिनिटांत होते. घाई करणाऱ्याला थांबवायचा अधिकार तुमचा आहे.

जागा सपाट, कडक आणि वर विजेच्या तारा नसलेली निवडा. वाहनाचा हँडब्रेक, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. गाडीतले सुटे सामान काढा किंवा बांधा. टायरमधली हवा ऑफ-रोडसाठी १५ पीएसआयवर आणलेली असेल तर आधी नेहमीइतकी भरा. मऊ टायरवर बांधलेली गाडी वळणावर डोलते आणि बेल्ट ढिले करते. चाके व पट्ट्या धुवा, ओला तांबडा चिखल लोखंडावर साबणासारखा वागतो. डिफ लॉक (एका एक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) सोडा.

सुट्या पट्ट्या असतील तर कोन बघा. बेड तीन फूट उंच आणि पट्टी आठ फुटी असेल तर चढ सुमारे २२ अंशांचा होतो, बारा फुटी असेल तर साडेचौदा. थारचे नाक ४१ अंशांपर्यंतच्या चढाला टेकत नाही, पण पट्टीवरून बेडवर जाताना पोट टेकण्याची मर्यादा २६-२७ अंशच आहे. साइड स्टेप लावलेल्या किंवा लांब चाकांतराच्या गाडीची त्याहून बरीच कमी. आठ फुटी पट्टी आली तर परत पाठवा, नाहीतर मातीचा धक्का शोधा. पोकलेन किंवा ट्रॅक्टर चढवण्यासाठी बऱ्याच गावांत खाणीजवळ किंवा शेताच्या बांधाला असा धक्का असतोच. ट्रक मागे घेऊन बेड त्याच्या पातळीला आणला की चढ राहतच नाही. पट्ट्या बेडला साखळीने किंवा पिनने अडकवलेल्या असल्या पाहिजेत. नुसत्या टेकवलेली पट्टी चाक चढताना मागे उडते.

चालती गाडी ४एल मध्ये (चारही चाकांना जोर, अगदी हळू वेग), पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, बाहेरच्या एकाच माणसाच्या खुणेवर चढवा. दोघे खुणा करायला लागले की कोणाचेच ऐकू नका.

बंद गाडी विंचने ओढताना ट्रान्सफर केस न्यूट्रल, स्टेअरिंगचे लॉक उघडे. इंजिन बंद असल्यावर ब्रेकला बूस्टर नसतो आणि स्टेअरिंग जड होते, म्हणून आत बसणाऱ्याने दोन्ही पाय ब्रेकवर जोर देण्याच्या तयारीत ठेवावेत. दोन टनांची गाडी १५ अंशांच्या बेडवर ओढायला चाके मोकळी असतील तर जेमतेम साडेपाचशे-सहाशे किलोचा ताण येतो. ब्रेक जाम असतील तर तोच ताण दोन टनांच्या घरात जातो. दोर तुटतो तो इथेच. गाडी जागची हलत नसेल तर विंच ओढत राहू नका, चाक का फिरत नाही ते आधी बघा. ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी उतरली असेल तर ती पार्कमधून निघत नाही, आधी बाहेरून बॅटरी जोडा. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड ताडपत्री टाका आणि दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नका.

चिखलात रुतलेल्या गाडीला फ्लॅटबेडच्या विंचने थेट उपसू नका. चाकाच्या उंचीइतकी रुतली तर तिच्या वजनाइतका जादा ताण धरावा लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. ताणाखाली मागचा भाग खचून फ्लॅटबेडच तिरका होतो. आधी बाहेर काढा, मग चढवा.

बेडवर गाडी नाक पुढे करून उभी करा. जड भाग ट्रकच्या मागच्या एक्सलच्या थोडा पुढे आला पाहिजे. फार मागे ठेवली तर ट्रकचे स्टेअरिंग हलके होते आणि घाटात ते लगेच जाणवते.

बांधणे

चार रॅचेट बेल्ट, ५० मिमी रुंद, प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एलसी २,५०० लिहिलेले, म्हणजे सरळ ताणात सुमारे अडीच टन. चिठ्ठी फाटलेला, कडा उसवलेला किंवा गाठ मारलेला बेल्ट मोजू नका. बांधणीचा हिशेब असा की जोरात ब्रेक लागला तर गाडीच्या वजनाच्या ८० टक्के जोर पुढे येतो, बाजूंना आणि मागे ५० टक्के. दोन टनांच्या गाडीला पुढे जाण्यापासून अडवायला १,६०० किलोचा जोर हवा, आणि तो अडवणारे बेल्ट म्हणजे गाडीपासून मागे ताणलेली जोडी. कित्येक ड्रायव्हर पुढची जोडी घट्ट करतात आणि मागे नायलॉनचा दोर गुंडाळतात. हे उलटे आहे.

बेल्ट कशाला अडकवायचा, यावर सगळे अवलंबून. उंच सस्पेन्शनच्या गाडीला चेसिसवरून बांधले तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, बेल्ट क्षणभर ढिला पडतो आणि हुक निसटतो. म्हणून एक्सलला किंवा टायरवरून जाणाऱ्या पट्ट्याने चाकालाच बांधा, वर बॉडी मोकळी हलू द्या. एक्सलला बांधताना ब्रेकची नळी बेल्टखाली येत नाही ना ते हाताने चाचपून पाहा. स्टेअरिंगचा रॉड, बंपर, बुलबार, साइड स्टेप यांना कधीही हुक लावू नका. मागच्या जोडीला फुली करा, म्हणजे बाजूला सरकणेही थांबते. धारदार कड लागत असेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. विंचचा दोर बांधणीत धरू नका.

यानंतर हँडब्रेक, पहिला गिअर, आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमधून बाहेर. ती न्यूट्रलमध्ये राहिली तर गाडी गिअरमध्ये असूनही चाके मोकळी असतात. कापडी छत असेल तर काढून आत ठेवा, वारा ते फाडतो. शेवटी जमिनीपासून वरपर्यंतची उंची मोजून ड्रायव्हरला सांगा. बेड एक मीटर, जीप १.९, कॅरिअर आणि सामान ०.३, म्हणजे ३.२ मीटर. रेल्वेखालचे बोगदे आणि गावातल्या लोंबत्या तारा यांच्यासाठी हा आकडा तोंडपाठ हवा. चारही बाजूंचे, बेल्टचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा.

वाटेत

पहिल्या दहा किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा ताणा. गाडी बेडवर बसते आणि पहिला ढिलेपणा इथेच येतो. मग प्रत्येक घाटाच्या आधी. तवंदी घाट उतरताना ब्रेकवर नव्हे, खालच्या गिअरवर उतरायचे, हे ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा. गोव्याकडे जाताना चोर्ला अरुंद आणि आखूड वळणांचा आहे, तिथे अवजड वाहनांना वेळोवेळी बंदीही घातली जाते. खानापूर-अनमोड किंवा चंदगड-आंबोली यांपैकी काय खुले आहे ते त्याच सकाळी विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. तिलारी घाटाचा उतार फ्लॅटबेडसाठी नाहीच.

उतरवणे

बेल्ट सोडण्यापूर्वी आत माणूस बसवा, ब्रेक दाबून धरा, विंचचा दोर जोडून ताणा, आणि मगच एकेक बेल्ट सोडा, पुढची जोडी शेवटी. बेड झुकवला की गाडी स्वतःच्या वजनाने खाली येऊ पाहते, तिला विंचवरच सोडायची. खाली आल्यावर एक्सलजवळच्या ब्रेकच्या नळ्या, टायरच्या कडा आणि खालचे प्लास्टिक तपासा, चढवतानाच्या फोटोंशी ताडून पाहा. काही ओरखडा असेल तर पावतीवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या, आणि उरलेले पैसे त्यानंतर द्या.